फॉस्फो-ईआरके अँटीबॉडी शिणाण्यांवर चालते का? दोन बँड दिसतायत, मत हवंय

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत मी शिणाण्यांवर (खडकाला चिकटून राहणारे समुद्री शिंपले) काम करते. समुद्राचं पाणी तापलं की त्यांच्या कल्ल्यांतल्या पेशींमध्ये कोणत्या संदेशसाखळ्या जाग्या होतात, हा माझा विषय. त्यातलं ईआरके हे प्रथिन मला वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायच्या पद्धतीने, पकडायचं आहे. नुसतं ईआरके नाही, तर कामाला लागलेलं, म्हणजे फॉस्फेट बसलेलं.

अँटीबॉडी सशाची मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातली, सगळी एकसारखी) आहे, माणसाच्या ईआरकेमधल्या एका छोट्या तुकड्यावर तयार केलेली. थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ इथे फॉस्फेट असेल तरच ती धरते, असं माहितीपत्रक म्हणतं. चालणाऱ्या प्राण्यांच्या यादीत माणूस, उंदीर, माकड वगैरे आहेत. शिंपलावर्गातलं कोणीही नाही.

ब्लॉट केला. पहिल्या लेनमध्ये हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी), सीरम काढून उपाशी ठेवलेल्या आणि मग ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) दिलेल्या. त्याला लागून साध्या पाण्यातल्या शिणाणीचे कल्ले, त्यापुढे गरम पाण्यातल्या शिणाणीचे. हेलात ४४ आणि ४२ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) दोन ठसठशीत बँड आले. शिणाणीतही दोन आले, जवळजवळ त्याच उंचीवर, थोडे फिके. गरम पाण्याच्या लेनमध्ये खालचा बँड जास्त गडद आहे.

आमच्या सरांना हे पुरेसं वाटतं. माझं मन भरत नाही. हातात एकच कुपी आहे, दुसरी मागवली तर बाहेरून यायला आठवडे जातात. उरलेली अँटीबॉडी नेमक्या कुठल्या प्रयोगावर खर्च करू, ते कृपया सांगा.

खाडीकाठ

सुरंगी, तुमची शंका रास्त आहे. हेलात दोन बँड यायलाच हवेत. शिणाणीत दोन आले, हीच खरी शंकेची जागा.

माणसात ईआरके-१ आणि ईआरके-२ अशी दोन वेगळी जनुकं आहेत, म्हणून ४४ आणि ४२. ही जोडी पृष्ठवंशी प्राण्यांच्या वाटेवर जनुक दुप्पट होऊन तयार झाली. फळमाशीत एकच ईआरके आहे, सी. एलिगन्स या सूत्रकृमीतही एकच. अपृष्ठवंशी प्राण्यांत साधारण असंच चित्र असतं. शिंपल्यांचे जीनोम सार्वजनिक डेटाबेसमध्ये आहेत. माणसाच्या ईआरके-२ चा क्रम टाकून ब्लास्ट (क्रम जुळवून बघणारा प्रोग्राम) करा, तिथे किती जुळणारी जनुकं निघतात ते बघा. याला अँटीबॉडीचा एक थेंबही लागत नाही, म्हणून हे पहिलं.

जनुक एकच निघालं तर दुसरा बँड कुठून आला? माझा पहिला संशय शेजारच्या लेनवर. हेलाचा नमुना इतका जोरकस असतो की जेलमधल्या खळग्यातून जरासा सांडला तरी बाजूच्या लेनमध्ये हुबेहूब तसेच दोन फिके बँड उमटतात. तुमचं वर्णन नेमकं तसंच आहे: तीच उंची, थोडे फिके. पुढच्या जेलमध्ये हेला एका टोकाला टाका आणि मध्ये नुसता सॅम्पल बफर भरलेल्या दोन लेन सोडा.

दुसरी शक्यता, वरचा बँड भलत्याच प्रथिनाचा आहे. तिसरी, प्रथिन तुटतंय. शिंपल्यांच्या ऊतींत, त्यातही पचनग्रंथीत, प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) भरपूर असतात. कल्ले कापताना पचनग्रंथीचा तुकडा सोबत आला असेल तर तेही बघा.

आता जमेची बाजू. माहितीपत्रकात शिंपला नाही म्हणून नाउमेद होऊ नका. ज्या तुकड्यावर ही अँटीबॉडी बनते तो ईआरकेच्या सक्रियता-फाशात, म्हणजे फॉस्फेट बसून प्रथिन चालू होतं त्या भागात, असतो: थ्रिओनिन, ग्लुटामिक आम्ल, टायरोसिन, आणि त्याच्या आजूबाजूचे काही दुवे. हा भाग उत्क्रांतीत फार घट्ट जपला गेलाय. १९९७ मध्ये गाबाय, सेगर आणि शिलो यांनी दोन्ही फॉस्फेट असलेल्या ईआरकेची अँटीबॉडी वापरून फळमाशीच्या गर्भात ही साखळी कुठे आणि केव्हा जागी होते त्याचा नकाशाच काढला होता. त्यामुळे शिणाणीत ती चालण्याची शक्यता चांगली आहे. फक्त ते तुमच्या नमुन्यावर सिद्ध व्हायला हवं.

रापणकार

मी या क्षेत्रातला नाही, मासळीच्या धंद्यातला आहे. शीर्षकात शिणाण्या दिसल्या म्हणून आत आलो आणि सगळं वाचलं. एक विचारतो. अँटीबॉडी म्हणजे आजारी पडल्यावर आपल्या रक्तात तयार होतात त्याच ना? मग त्या शिंपल्यावर कशा काय चालवता?

सुरंगी

रापणकारदादा, हो, त्याच. शरीरात परकं काही शिरलं की ते ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं म्हणजे अँटीबॉडी. सशाला ईआरकेचा छोटा तुकडा टोचला की ससा त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतो. ती काढून, शुद्ध करून आम्ही शोधकाम करायला वापरतो. शिणाणीचे कल्ले वाटून त्यातली प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करायची, एका पातळ मेम्ब्रेनवर उतरवून घ्यायची आणि वर ही अँटीबॉडी सोडायची. ती फक्त आपल्या प्रथिनाला धरते, असं आपण धरून चालतो. मग दुसरी अँटीबॉडी पहिलीला धरते, आणि तिच्यावर एक एन्झाइम असतं, त्याच्यामुळे उजेड पडतो. कॅमेऱ्यात जी काळी रेघ दिसते तो बँड.

माझा सगळा प्रश्न त्या ‘धरून चालतो’ वर आहे.

शिणाण्यांच्या स्वतःच्या शरीरात अशा अँटीबॉडी नसतातच. एका परीने ते सोयीचं आहे. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटीबॉडी वापरली तर ऊतीतल्या मूळच्या अँटीबॉडीही ५० आणि २५ किलोडाल्टनला चमकतात. इथे तो त्रास नाही.

फोंडा-पुणे

फोंड्याचा आहे, सध्या पुण्यात हेच काम करतो.

उरलेली अँटीबॉडी लॅम्डा फॉस्फटेजच्या प्रयोगावर खर्च कर. एकाच लायसेटचे (पेशी फोडून काढलेल्या अर्काचे) दोन भाग करायचे. एकात लॅम्डा फॉस्फटेज घालून ३० अंशांना अर्धा तास ठेवायचं, दुसरा तसाच, एन्झाइमशिवाय, पण त्याच तापमानाला तेवढाच वेळ. हे एन्झाइम सेरिन, थ्रिओनिन आणि टायरोसिन तिन्हीवरचं फॉस्फेट काढतं. बँड गेला तर तो फॉस्फेटमुळेच होता. राहिला तर अँटीबॉडी काहीतरी वेगळं धरतेय.

यात लोक एका ठिकाणी अडकतात. लायसिस बफरमध्ये फॉस्फटेज रोखणारी औषधं असतात, व्हॅनाडेट, फ्लोराइड वगैरे. तेच लायसेट घेतलं तर लॅम्डा चालतच नाही, बँड जसाच्या तसा राहतो आणि आपण अँटीबॉडीला नावं ठेवतो. शिवाय लॅम्डाला मँगनीज लागतं, बफरमध्ये ईडीटीए असेल तर तो मँगनीज ओढून घेतो. त्यामुळे या प्रयोगासाठी वेगळं लायसेट काढ: प्रोटिएझ रोखणारं मिश्रण घाल पण ईडीटीए नसलेलं, आणि फॉस्फटेज रोखणारं काही नको.

बाकी सगळ्या नमुन्यांत मात्र व्हॅनाडेट हवंच, आणि तेही नीट तयार केलेलं. सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट पाण्यात विरघळवून पीएच १० वर आणलं की द्रावण पिवळं होतं. ते उकळायचं, रंग जातो. गार करून पीएच परत १० वर आणायचा, पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळायचं. पीएच स्थिर राहून द्रावण पाण्यासारखं नितळ झालं की मगच थोडं थोडं भरून उणे २० ला ठेवायचं. पिवळ्या रंगात व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांना जोडलेले असतात, त्या रूपात ते टायरोसिन फॉस्फटेजना नीट रोखत नाही. तुमच्या लॅबमधली बाटली उजेडात धरून बघ, रंग कसा आहे.

आणि आणखी एक. कल्ल्यांचे जिवंत तुकडे समुद्राच्या पाण्यात ठेवून यू-०१२६ दे, १० मायक्रोमोलर, आणि नंतर गरम कर. हे औषध ईआरकेच्या वरच्या पायरीवरच्या एमईकेला रोखतं. ईआरकेवर दोन्ही फॉस्फेट चढवणारं तेच. जो बँड या औषधाने उतरतो आणि लॅम्डानेही जातो, तो ईआरके म्हणायला हरकत नाही.

बांबोळीहून

मी पॅथॉलॉजीत आहे, माणसांच्या ऊतींवर काम करते. ईआरकेची साखळी आमच्याकडे कॅन्सरच्या संदर्भात रोज येते. बीआरएएफ या जनुकात एका जागी बदल झाला की ती साखळी सतत चालू राहते, आणि मेलॅनोमात (त्वचेच्या एका कॅन्सरात) एमईके रोखणारी औषधं दिली जातात. म्हणून फॉस्फो-ईआरकेचा डाग बघण्याचा मोह आम्हालाही होतो.

पण अँटीबॉडी कितीही उत्तम असली तरी नमुना काढल्यापासून गोठवेपर्यंत काय झालं, त्यावर सगळं ठरतं. शस्त्रक्रियेत गाठीचा रक्तपुरवठा तुटल्या क्षणापासून पेशी ताणात असतात. काही फॉस्फेट चढतात, काही उतरतात. फॉर्मॅलिन ऊतीत हळूहळू झिरपतं, तोवर आतल्या फॉस्फटेजचं काम चालूच. रापणकारांना हे लगेच कळेल: बांगडा होडीतून बाजारापर्यंत टिकायला जसा बर्फ लागतो तसाच इथेही लागतो, फक्त इथे हिशेब तासांचा नसून मिनिटांचा आहे.

सुरंगी, तुम्ही शिणाण्या खडकावरून काढता तेव्हापासून टाकीत सोडेपर्यंत त्या किती वेळ हवेत असतात? ओहोटीला शिंपा मिटून बसणं हाही त्यांच्यासाठी ताणच. मग ‘साधं पाणी’ म्हणून जी लेन आहे तिच्यात साखळी आधीच जागी असायची.

सुरंगी

बांबोळीहून, फार महत्त्वाचं सांगितलंत. टाकीत स्थिरावायला आम्ही पुरेसे दिवस देतो, हवा आणि खारटपणा सांभाळतो. पण प्रयोगाच्या दिवशी शिंपा उघडून कल्ले कापायला प्रत्येक प्राण्यामागे वेगवेगळा वेळ जातो हे खरं आहे. आता दोघींनी मिळून करायचं ठरवलंय: एकीने उघडायचं, दुसरीने कल्ले कापून सरळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचे. लायसिस नंतर, सगळ्यांचं एकत्र.

फोंडा-पुणे, बाटली बघितली. पिवळसर आहे. आज नवीन करते.

कुळागर

ब्लॉकिंग (मेम्ब्रेनवरच्या मोकळ्या जागा झाकणं) कशात केलं ते लिहिलेलं नाही. दुधाच्या पावडरीत असेल तर बदला. दुधातलं केसीन हे स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन, फॉस्फो अँटीबॉडीला ते नको. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) घ्या, आणि धुवायला फॉस्फेट बफर नको, ट्रिसवाला टीबीएसटी.

अँटीबॉडी सशाची मोनोक्लोनल आहे हे चांगलं. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाची (एकाच पेशीच्या वंशातून तीच अँटीबॉडी सतत बनवायची) पद्धत काढली, १९८४ चं नोबेल त्यांना येर्ने यांच्यासोबत मिळालं. त्याआधी सगळं पॉलिक्लोनल: एका सशाचं रक्त संपलं की ती अँटीबॉडी संपली, पुढचा ससा थोडी वेगळी देणार. आमच्या काळी एका कुपीवर जमवलेला प्रयोग पुढच्या कुपीवर कोसळताना मी पाहिला आहे. आता रिकॉम्बिनंट मिळतात, ज्यांचा जनुकीय क्रम ठाऊक असतो आणि पेशींत हव्या तेव्हा त्याच बनवता येतात. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथन यांनी ‘नेचर’मध्ये आग्रहाने मांडलं होतं की संशोधनातल्या अँटीबॉडी क्रमानेच ओळखल्या जाव्यात. त्यांच्या त्या लेखावर बऱ्याच जणांनी सह्या केल्या होत्या. मला ते आजही शंभर टक्के पटतं. करदात्यांच्या पैशातून आपण कुप्या घेतो, आणि त्यात काय आहे हे कुणालाच नेमकं माहीत नसतं, ही गोष्ट चालवून घेण्यासारखी नाही.

तुमच्या प्रबंधात कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक आणि आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा ओळख क्रमांक) तिन्ही लिहा. नुसतं ‘अँटी-ईआरके वापरली’ एवढ्यावर पुढच्या मुलाला काही करता येत नाही.

फोंडा-पुणे

कुळागर काका, बाकी सगळं मान्य, पण दुधाबद्दल एवढं ठाम नको. ब्लॉकिंग दुधात आणि अँटीबॉडी बीएसएमध्ये, असं आमच्याकडे फॉस्फो-ईआरकेला व्यवस्थित चालतं. काही माहितीपत्रकांतही हेच लिहिलेलं असतं. बीएसए महाग आहे, आणि स्वस्त बीएसएमध्ये फॉस्फटेजचा अंश असू शकतो, तो जास्त घातक.

कुळागर

एखाद्या अँटीबॉडीवर दूध चालत असेल, ते मी नाकारत नाही. पण इथे प्राणी नवा, अँटीबॉडी त्यावर कुणी तपासलेली नाही, बँडबद्दल शंका आहे. अशा वेळी शंकेच्या जागा कमी करायच्या. बीएसएने पार्श्वभूमी फार काळी आली तर मग दुधाकडे जा.

खाडीकाठ

दोघांचंही बरोबर आहे. सुरंगीने एका मेम्ब्रेनचे दोन तुकडे करून दोन्ही बघावं, अँटीबॉडी तेवढीच लागते.

पडताळणीबद्दल एक राहिलं. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटीबॉडी तपासायचे पाच मार्ग सुचवले: जनुक काढून किंवा दाबून बघणं, अँटीबॉडी न वापरता दुसऱ्या पद्धतीने ताडून बघणं, त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागावरची स्वतंत्र अँटीबॉडी, खूण लावलेलं प्रथिन, आणि अँटीबॉडीने पकडलेलं मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून) ओळखणं. शिणाणीत जनुक काढणं आज तुम्हाला शक्य नाही. पण बँड कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवणं शक्य आहे. कुणी तुम्हाला पेप्टाइडने (अँटीबॉडी ज्या छोट्या तुकड्यावर बनली त्यानेच) अँटीबॉडी अडवून बघायला सांगेल. त्यावर कुपी संपवू नका. अँटीबॉडी त्या पेप्टाइडला धरते एवढंच त्यातून कळतं. चुकीचा बँडसुद्धा त्याच जागेने धरलेला असेल तर तोही जातो.

मिरामार_संध्याकाळ

थोडं विषयाला सोडून. आमची कुपी ऐन पावसाळ्यात पुरवठादाराकडून आली ती जेल पॅक पूर्ण वितळलेल्या अवस्थेत, आणि त्याच आठवड्यात रात्रभर वीज नव्हती. अँटीबॉडी फेकून द्यायची का?

कुळागर

अजिबात नको. अँटीबॉडी चिवट प्रथिन आहे. कुपीत ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० लाही ती द्रवच असते, एखादा दिवस गरम राहिली म्हणून लगेच मरत नाही. ईजीएफ दिलेल्या हेलाचं लायसेट चालवा, बँड पूर्वीइतकाच आला तर वापरा. खरा घात वारंवार गोठण्या-वितळण्याने होतो. म्हणून ग्लिसरॉलवाली कुपी उणे ८० ला ठेवू नका, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्येही नको.

पातळ केलेली प्रायमरी (पहिली अँटीबॉडी) पुन्हा वापरायला सोडियम अझाइड घालत असाल तर ती सेकंडरीच्या (दुसरीच्या) डब्यात जाणार नाही याची काळजी घ्या. अझाइड एचआरपीला, म्हणजे सेकंडरीवरच्या उजेड पाडणाऱ्या एन्झाइमला, बंद पाडतं, मग सगळं मेम्ब्रेन कोरं.

सुरंगी

अपडेट देते.

ब्लास्ट केलं. शिंपल्यांत ईआरकेशी नीट जुळणारं एकच जनुक मिळालं, आणि सक्रियता-फाशातला तुकडा माणसाशी अक्षर न् अक्षर जुळतो.

नव्या ब्लॉटमध्ये हेला टोकाला, मध्ये दोन मोकळ्या लेन. बीएसए. व्हॅनाडेट नवं, नितळ. शिणाणीत दोन्ही बँड तरीही आले, म्हणजे सांडलेलं नव्हतं. मग लॅम्डा. मेम्ब्रेनवर सबस्ट्रेट टाकून कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि स्क्रीनवर एक्सपोजर वाढताना बघत बसले. हेलाच्या लॅम्डा लेनमध्ये दोन्ही बँड नाहीत. शिणाणीच्या लॅम्डा लेनमध्ये खालचा साफ गेला. वरचा तसाच, जराही हलला नाही.

यू-०१२६ दिलेल्या कल्ल्यांतही खालचा उतरला, वरच्यावर काहीच परिणाम नाही. नुसत्या सेकंडरीच्या पट्टीवर वरचा बँड नाही, म्हणजे त्याला धरते ती प्रायमरीच.

तेव्हा खालचा आमचा ईआरके, आणि वरचा कुणीतरी दुसराच. सरांना दाखवलं, त्यांनी आधीच्या आकृतीतले दोन्ही बँड मिळून काढलेले आकडे बाजूला ठेवले. आता फक्त खालचा मोजायचा.

पुढची अडचण: ‘एकूण ईआरके’ दाखवणारी अँटीबॉडी शिणाणीत काहीच दाखवत नाही. हेलात चालते. मग गरम पाण्यात ईआरके जास्त सक्रिय झालं की प्रथिनच वाढलं, हे कसं सांगू? अॅक्टिनने भागेल का?

खाडीकाठ

छान काम केलंत.

टोटल ईआरकेच्या बऱ्याच अँटीबॉडी सी-टोकाच्या (प्रथिनाच्या शेवटच्या टोकाच्या) पेप्टाइडवर बनवलेल्या असतात, आणि ते टोक सक्रियता-फाशाइतकं जपलेलं नसतं. म्हणून फॉस्फो चालते आणि टोटल चालत नाही. ब्लास्टमध्ये मिळालेला क्रम हातात आहेच. ज्या अँटीबॉडीचा पेप्टाइड मधल्या, किनेझच्या (फॉस्फेट चढवण्याचं काम करणाऱ्या) भागातला आहे आणि तुमच्या क्रमाशी जुळतो, ती शोधा.

अॅक्टिन मात्र नको. त्याचं वजनही ४२ किलोडाल्टन, अगदी तुमच्या बँडच्या अंगावर येईल. कल्ल्यांत आणि स्नायूंत ते इतकं असतं की पॉन्सोच्या (सगळी प्रथिनं रंगवणाऱ्या) लाल रंगातही तिथे जाड पट्टा दिसतो. ट्युब्युलिन ५० च्या आसपास आहे, पण गरम पाण्यात ते स्थिर राहतं का, हेही तपासावं लागेल. त्यापेक्षा संपूर्ण लेनमधलं एकूण प्रथिन रंगवून त्यावर भागाकार करा, आणि पॉन्सोचा फोटो प्रबंधात जोडा. त्याने फक्त प्रत्येक लेनमध्ये माल सारखा होता हे कळेल. ईआरके स्वतः वाढलं का, त्यासाठी टोटल लागेलच. तोवर निष्कर्षात ‘फॉस्फो-ईआरकेचा संकेत वाढला’ एवढंच लिहा.

बांबोळीहून

आमच्याकडे किनेझ भागावरची एक टोटल ईआरके अँटीबॉडी आहे, सशाची नाही, उंदराची मोनोक्लोनल. पेप्टाइडचा क्रम माहितीपत्रकात दिलाय. व्यक्तिगत निरोपात पाठवते, आधी तुमच्या शिणाणीच्या क्रमाशी ताडून बघा. जुळला तर विभागप्रमुखांना विचारून थोडी देता येईल. येताना बर्फाचा डबा आणा.

रापणकार

शिणाण्या खडकावरून काढून पाण्यातच घालून आणायच्या असतील तर आमची होडी आहे. हवेत ठेवायच्याच नाहीत. भरती-ओहोटी बघून दिवस कळवा.

सुरंगी

दादा, हे झालं तर फार मोठं काम होईल. सरांशी बोलून येत्या अमावास्येच्या आसपासची ओहोटी बघते आणि इथेच कळवते. बांबोळीहून, निरोप मिळाला, क्रम आत्ताच ताडते.